सान्वीचं मराठी आणि लंडनचं इंग्रजी

मंडळी, आज माझं चुकलं. सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

मी बहारीनमध्ये दर शुक्रवारी सकाळी घरीच मुलांना मराठी शिकवते. आज सान्वी पहिल्यांदाच आली. नऊ वर्षांची, घरचे अकोल्याचे. मी म्हटलं, "सुट्टीत काय केलंस, सांग."

"आम्ही झल्लाकच्या बीचवर गेलो होतो. लय मज्या आली. बाबा तं पाण्याबाहेर निंगतच नोहते!"

बाकीची मुलं हसली. मी बाईंच्या थाटात म्हणाले, "छान! आता हेच शुद्ध मराठीत सांग हं."

ती म्हणाली, "वी वेन्ट टु द बीच." आणि खाली बसली.

दुपारी माझी लेक रेवा शाळेच्या प्रोजेक्टचं मला वाचून दाखवत होती. पूर्वी म्हणे इंग्लंडात प्रत्येक भागाची बोली वेगळी होती. दरबार, कचेऱ्या आणि पुढे छापखाने लंडनकडे, म्हणून तिकडची बोली देशाची झाली.

"मग बाकीचे अशुद्ध बोलायचे का गं?"

"नो आई. दे जस्ट डिडन्ट लिव्ह इन लंडन."

मी पुण्याची. निमूट उठले, सान्वीच्या आईला फोन करून माफी मागितली. त्या अगदी जपून, माझ्यासारखं मराठी बोलत होत्या.

"अहो मॅडम, आम्हीच तिला बजावून पाठवलं होतं, तिथे घरच्यासारखं बोलू नकोस म्हणून. बिचारी विसरली."

तुमच्या घरातली कोणती बोली अशी पाहुण्यांसमोर गप्प बसते?