विट्याच्या अलीकडचं देऊळ

देवळात गेल्यावर काय करायचं ते मला नीटसं कळत नाही. देव मानत नसलो तरी चपला काढतो, आवाज खाली ठेवतो आणि पुढचा माणूस जे करील ते करतो. या नियमानं आजवर कुणाचं मन दुखावलेलं नाही.

मागच्या वर्षी मित्राच्या मुलीच्या लग्नाला विट्याला निघालो होतो. कराड सोडल्यावर गाडी तापली. ती निवेपर्यंत थांबणं भाग होतं आणि समोरच्या टेकाडावर देवीचं देऊळ होतं. म्हणून वर गेलो.

माझ्यापुढं एक म्हातारी होती. हिरवं लुगडं, खांद्यावर घोंगडी, हातात नारळ. तिनं पायरीला हात लावून कपाळाला लावला, मीही लावला. तिनं प्रदक्षिणा सुरू केल्या, मी मागोमाग. अकरावी झाल्यावर ती वळून म्हणाली, "तुमचा बी नवस हाय का?"

"नाही."

"मग पाचात भागतंय."

गाभाऱ्यासमोर ती बसली. जागा तेवढीच होती म्हणून मी शेजारी बसलो. ती कौल लावायला आली होती. गुरवानं देवीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक भिजवलेली कळी चिकटवली. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही, असं त्यानं मला समजावलं आणि म्हातारीला विचारलं, "कोन इचारनार मावशे, तू का ल्योक?"

"ह्यो माझा न्हाई. माझा कोइमतूरला असतोय. सोनं गाळायचं दुकान हाय त्याचं." मग त्याच सुरात ती देवीला म्हणाली, "त्यो कायमची ये म्हनतोय. जाऊ का?"

कळी पडेना. पाच मिनिटं झाली, वीस झाली. मागं चारपाच माणसं नारळ घेऊन येऊन बसली. घाई कुणालाच नव्हती. "आई इचार करतीया," गुरव म्हणाला. पुढचा माणूस उठेना, त्यामुळं मलाही उठता येईना.

"तुमची आई कुठं असती?" म्हातारीनं हळू आवाजात विचारलं.

"पुण्यात. माझ्याकडं."

"करमतंय का तिला?"

मी विचारलेलं नव्हतं. तसं सांगितलं. वडील गेले तेव्हा आई खंडाळ्याजवळच्या आमच्या गावी एकटी पडली, म्हणून आम्ही तिला घेऊन आलो. आणताना कुणालाच विचारलं नव्हतं, तिलाही. म्हातारी पुन्हा कळ्यांकडं पाहू लागली. बोलली असती तर बरं झालं असतं.

पाऊण तासानं डावी कळी पडली.

मला वाटलं, तिच्या मनासारखं झालं. गाव, मेंढरं, शेजारपाजार या वयात कोण सोडील? "बरं झालं मावशी," मी म्हणालो.

"त्यात काय बरं झालं? मला जायाचं हाय. नातीला निस्ती फोनात बघितलीया."

"चार वर्सं इचारत्यात," गुरव म्हणाला. "आई सोडंना."

"मग न विचारता जायचं," मी म्हणालो.

म्हातारी माझ्याकडं वळली. "कवापास्नं सांभाळतीया ती मला. न सांगता जाऊ व्हय?" तिनं नारळ फोडला, एक कवड माझ्या हातात दिली आणि गुरवाला म्हणाली, "फुडच्या वर्साला येती."

खाली गाडी निवली होती. म्हातारीला तिच्या वस्तीपर्यंत सोडलं. वाटेत तिनं नातीचा फोटो दाखवला. नात गोरी होती आणि तिला मराठी येत नाही, असं म्हातारी म्हणाली. लग्नात माझ्या अक्षता चुकल्या, जेवण मिळालं.

पुण्याला परतल्यावर आईला सगळं सांगितलं. ती मेथी निवडत होती. तुला इथं करमतं का, असंही विचारलं. तिला आणून आठ वर्षं झाली होती.

"न करमायला काय झालं?" ती म्हणाली. आणखी दोन जुड्या निवडून झाल्यावर म्हणाली, "दिवाळीनंतर आठ दिवस गावाकडं सोड मला."

सोडलं. आठ दिवसांचे दोन महिने झाले. परवा फोनवर म्हणाली, परसात शेवगा लावलाय, शेंगा धरायला वर्षभर लागेल.