झाडावर फुली

"झाडावर फुली मारलीस तर याद राख! नंदाखालात पाय ठेवू देणार नाही!"

काका ओरडत होते. आवाज असा, की त्या वेळी शेजारच्या आगाशी गावापर्यंत जो कोणी माडावर चढलेला असेल तो नारळ न पाडताच खाली उतरला असणार. फोन अजून लागलेला नव्हता. फोन माझ्या हातात होता आणि मी भाचीचा नंबर शोधत होतो. पण काकांना तेवढा धीर कुठला! इंग्लंड लांब आहे, आवाज पोचायला वेळ लागेल, म्हणून आधीच सुरुवात केली, असं त्यांनी नंतर सांगितलं. (आमची घरची बोली इथे जशीच्या तशी लिहिली तर तुम्हाला कळणार नाही, आणि कळलीच तर वाईट वाटेल. म्हणून काकांना शाळेतलं मराठी बोलायला लावलंय.)

झालं होतं असं. माझी भाची, म्हणजे ताईची मुलगी, तिकडे नर्स आहे. तिकडे निवडणूक लागली आणि हिच्या नावाने मतदानाचा कागद आला. आपला भारताचा पासपोर्ट असला तरी तिथे राहणाऱ्याला मत देता येतं, हे आम्हाला तेव्हा कळलं. काकांनी वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी लग्नातला कोट बाहेर काढला. म्हणाले, "आपल्यावर आधी पोर्तुगीजांनी राज्य केलं, मग पेशव्यांनी, मग इंग्रजांनी. तिघांत घरी कागद पाठवून विचारणारे हेच पहिले. नीट विचार करून उत्तर द्यायला पाहिजे."

ताईला राज्याशी काही देणंघेणं नव्हतं. भाचीला सातवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण, परका मुलूख, जावई बोटीवर. ताईला तिथे जायचं होतं आणि जायला व्हिसा हवा होता. रात्रंदिवस एकच घोर: पोरीची वेळ येईल आणि आपण इथे केळीला पाणी लावत बसू. म्हणून तिचं गणित सरळ होतं. जो पक्ष आईला व्हिसा देईल त्याला मत. "राज्य कोणीही करा मेल्यांनो," ती म्हणायची, "मला फक्त बाळाला न्हाऊ घालायला जाऊ द्या."

भाचीने घरच्या ग्रुपवर तीन गोष्टी टाकल्या होत्या. पहिली, तिच्या दारात पडलेली प्रचाराची पत्रकं. दुसरी, आईच्या पासपोर्टचा फोटो काढून पाठवा असं काहीतरी. आणि तिसरी, मतपत्रिकेचा नमुना, निशाण्यांसकट! निशाण्या दिसल्या आणि त्यावर इतके मेसेज पडले की वरचं सगळं वर सरकून थेट स्वर्गात गेलं.

रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर आमच्या ओट्यावर सभा भरली. पत्रकं मी मोठ्याने वाचली आणि वाचता वाचता मराठी केली. एक म्हणत होता, रस्त्यावरचे खड्डे बुजवू. दुसरा म्हणत होता, नदीत सांडपाणी सोडू देणार नाही. तिसरा म्हणत होता, दवाखान्यात तुमचा नंबर लवकर लावू. काकांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. "खरंच इंग्लंडचं आहे ना? की आपल्या वॉर्डातलं उचललंस?"

नर्सच्या आईबद्दल कोणी अवाक्षर काढलेलं नव्हतं. ताईने फोन उलटा करून मागूनसुद्धा बघितला.

तेव्हा निशाणीवर यावंच लागलं. मुख्य उमेदवार तीन: एकाचं झाड, एकाचा गुलाब, एकाचा पक्षी. पक्षी पहिल्याच फेरीत पडला. "यंदा आपले चिकू कोणी खाल्ले?" एवढंच काकांनी विचारलं. पुढे चर्चा झाली नाही.

माझी बायको गुलाबाकडून होती. "फूल ठेवणारा माणूस बाईमाणसाचं ऐकेल. व्हिसा तोच देईल."

"फूल दोन दिवसांत माना टाकतं," काका म्हणाले. "झाड पन्नास वर्षं उभं राहतं."

"काका, पण झाड मला व्हिसा देईल का हो?"

"अगं, झाड सावली देतं, फळ देतं, व्हिसा म्हणजे काय मोठा!"

हे बोलताना काकांच्या तोंडात लाडू होता. डिंकाचा. ताईने भाचीसाठी बांधून ठेवले होते, सोबत न्यायला. सभेने तोवर दोन डबे संपवले होते. त्या महिन्यात अख्ख्या वसईत बाळंतिणीची ताकद कुणाच्या अंगात असेल तर ती काकांच्या.

झाड जवळजवळ निवडून आलं होतं. तेवढ्यात बायकोने नमुन्याखालची सूचना वाचली. "ज्याला मत द्यायचं, त्याच्यासमोर पेन्सिलीने फुली काढावी."

"पेन्सिलीने?" ताई दचकली. "कोणी खोडलं म्हणजे?"

काका मात्र पेन्सिलीपाशी थांबलेच नाहीत. "फुली? झाडावर?"

आता हे बाहेरच्याला कळायचं नाही. काकूचं माहेर उमेळ्याचं. तिथे एका सकाळी बागेतल्या झाडांवर लाल रंगाच्या फुल्या दिसल्या. कोणी मारल्या, कधी मारल्या, पत्ता नाही. पुढच्या आंब्याच्या मोसमात त्या जागी सात मजले उभे होते, लिफ्टसकट. तेव्हापासून काका फुलीला इतके बिचकतात, की दूधवाला आला नाही तर कॅलेंडरवर गोल काढतात.

"फुली मारायची ती नको असलेल्यावर," त्यांनी निकाल दिला. "शाळेत चुकलेल्या गणितावर मास्तर काय करायचे? गुलाबावर एक फुली. पक्ष्यावर एक फुली. झाडाला कोणी हात लावायचा नाही. उरेल तो निवडून येईल."

"अहो, मत बाद होईल तिचं," बायको म्हणाली.

"दोघांना बाद करायला दोन फुल्या नकोत का?"

मला खरं माहीत होतं. पण तिसरा डबा नुकताच उघडला होता, आणि काकांची चूक काढली असती तर सभा तिथेच उठली असती. मी तोंड भरलेलं ठेवलं.

असा ठराव झाला, आणि तो कळवायला फोन लावण्याआधीच काकांनी ती पहिली आरोळी ठोकली. मग एकदाचा फोन लागला. पडद्यावर भाची दिसली, अंगात ड्युटीचे कपडे, हातात अर्धा खाल्लेला पाव. काकांनी पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं. झाड, उमेळे, सात मजले, लिफ्ट. तिने शांतपणे घास गिळला.

"आजोबा, मी मत पोस्टाने पाठवलं. मागच्या मंगळवारी."



"फुल्या किती मारल्यास?" काकांनी विचारलं.

"एकच."

"कुणावर?"

"ते सांगायचं नसतं."

काका खुर्चीत बसले. "गेलं झाड," म्हणाले, आणि कोटाची बटणं एकेक करून सोडायला लागले.

ताईने माझ्या हातातून फोन ओढून घेतला. डोळे भरून आले होते. "अगं, पण मत देताना माझ्या व्हिसाचा विचार तरी केलास का गं?"

"आई, व्हिसाला मत लागत नाही. पासपोर्टचा फोटो लागतो. तीन आठवडे झाले मागतेय."