आत्याआजीने भरलेली ओटी

सातवीत असताना मी गरोदर होते. निदान माझं तरी तसं ठाम मत होतं, आणि पुरावाही होता.

आम्ही तेव्हा उलव्यात नवीनच राहायला आलो होतो. विमानतळासाठी डोंगर फोडत होते, सुरुंग उडाला की खिडक्यांच्या काचा थरथरायच्या. त्याच वर्षी शाळेने जाहीर केलं की सातवीपासूनच्या मुलींसाठी ‘वयात येताना’ या विषयावर एक डॉक्टरबाई बोलायला येतील. पालकसभेत सगळ्या आया एकमेकींची तोंडं बघत बसल्या. माझी आई उभी राहिली. पाण्याच्या टँकरवरून सोसायटीच्या सेक्रेटरीला घाम फोडणारी बाई ती. म्हणाली, “आमच्या मुलींना असलं काही शिकवायची गरज नाही. वेळ आली की आपोआप कळतं. आम्हाला कुठे कुणी शिकवलं होतं?” टाळ्या पडल्या, कार्यक्रम रद्द झाला. मला आईचा भारी अभिमान वाटला.

मला पाळी सुरू होऊन तेव्हा थोडेच महिने झाले होते. त्या बाबतीतलं आईचं शिक्षण गॅसवरचं दूध वर येईपर्यंत आटोपलं होतं. “दर महिन्याला येते.”

“आणि नाही आली तर?”

“तर बाईला दिवस गेले समजायचं. झालं समाधान? जा, अभ्यास कर.”

दिवस जातात कसे, ते मला मावशीच्या गोष्टीवरून कळलं होतं. आईच्या या धाकट्या बहिणीला लग्नानंतर बरीच वर्षं मूल नव्हतं. मग तिला गावच्या देवीला नेलं, देवीची ओटी भरली, तिथल्या बायकांनी तिचीही भरली, आणि लगेच दिवस राहिले. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला चहाबरोबर ही गोष्ट मिळायची. ओटी भरली आणि दिवस राहिले. मधे काही घडावं लागतं, हे कुणी बोललंच नाही.

मावशीचं डोहाळजेवण आमच्याच सोसायटीच्या हॉलमध्ये झालं. फुलांचे दागिने, झोपाळा, झाकलेल्या वाट्यांत पेढा की बर्फी, सगळं यथासांग. मी हट्टाने आईची हिरवी साडी नेसले आणि ऐटीत बायकांच्या रांगेत जाऊन बसले. बाबांची आत्या, म्हणजे माझी आत्याआजी, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी कोकणातून आमच्याकडे आली होती. ऑपरेशन अजून व्हायचं होतं. पण वयाने सगळ्यात मोठी म्हणून ओट्या भरायचा मान तिचाच. ती एकेकीची ओटी भरत आली, माझ्यापुढे थांबली आणि म्हणाली, “पदर पसर गो बाय.”

मी पसरला. तांदूळ, नारळ, खण, सगळं माझ्या पदरात पडलं. वर आशीर्वाद, “आठ पोरांची आई हो!”

मग कुणाच्या तरी लक्षात आलं आणि हॉल नुसता फुटला. “आता पुढचा नंबर हिचाच!” बायका ओरडल्या. आई तर हसून हसून खालीच बसली.

त्या महिन्यात माझी पाळी आली नाही.

आधी मी खूप रडले, बाथरूममध्ये, नळ सोडून. मग रडायचा कंटाळा आला आणि मी तयारीला लागले. मावशीसारखी कमरेवर हात ठेवून चालायला लागले. सुरुंग उडाला की पटकन पोटावर हात ठेवायचे, बाळ दचकू नये म्हणून. बाबा पावणे एमआयडीसीतल्या वर्कशॉपमधून घरी येताना एपीएमसी मार्केटमधून कैऱ्या आणायचे. त्या मला आधीपासूनच आवडायच्या, पण आता ते डोहाळे झाले. आमच्या वन बीएचकेमध्ये पाळणा कुठे टांगायचा, याचे मी तीन-चार आराखडे केले. आत्याआजी आठ म्हणाली होती, त्यामुळे उरलेल्या सातांचंही टेन्शन होतं. खो-खोच्या सरांना मी गंभीरपणे सांगितलं, “सर, मला संघातून काढा. मला जड वाटतंय.”

“दप्तर हलकं कर,” सर म्हणाले.

सांगायची मात्र भीती वाटत होती, आणि तीही फक्त आईला. आमच्या वरच्या मजल्यावर दहावीतली एक ताई राहायची. खो-खो मला तिनेच शिकवला होता. त्या दिवाळीनंतर ती अचानक शाळेत यायची बंद झाली, गावाला पाठवली म्हणाले. आई स्वयंपाकघरात बाबांना दबक्या आवाजात म्हणाली होती, “पोरीला दिवस गेलेत. माझी असती तर दारात उभी केली नसती.” हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. दारात उभी केली नाही तर मी आठ पोरं घेऊन जाणार कुठे?

शेवटी एका दुपारी आई लोणच्यासाठी कैऱ्या चिरत होती. मी एकामागून एक फोडी उचलत होते.

“पुरे. पोट बिघडेल.”

“आई, मला दिवस गेलेत.”

विळी थांबली. आईचा चेहरा असा झाला की तसा मी पुन्हा कधी पाहिला नाही. “कोण?” ती एवढंच म्हणाली. “कोणी काय केलं तुला?”

“आत्याआजीने.”

आतल्या खोलीतून, डोळ्यावर पट्टी बांधून पडलेली आत्याआजी कळवळून ओरडली, “मी काय केलंय गो?”

मी सगळं सांगितलं. देवी, मावशी, हिरवी साडी, पाळी, कैऱ्या. आई ऐकत गेली आणि मग असं हसत सुटली की शेजारची काकू बेल वाजवून गेली. मलाही हसू यायला लागलं, का ते कळत नव्हतं. हसता हसता मी विचारलं, “म्हणजे तू मला दारात उभी करशील ना?”

आईचं हसू तिथेच थांबलं. कैरीच्या हातांनीच तिने मला जवळ ओढलं आणि ती रडली. मला इतकं हलकं वाटलं की मी आणखी एक फोड खाल्ली.

समजावून सांगायचं मात्र आईला जमेना. “असं नसतं गं, म्हणजे, लग्नानंतर बाबा, नको, थांब,” असं करून तिने मावशीला फोन लावला. मावशी भलंमोठं पोट सांभाळत आली आणि तिने ओट्याशी बसून मला सगळं सांगितलं. सुरुवातीला पाळी अशी पुढेमागे होते, हेही सांगितलं. आई आमच्याकडे पाठ करून एकच पातेलं घासत राहिली. मी थक्क झाले. खरं सांगू, मला आत्याआजीची पद्धत जास्त सोपी वाटली.

पुढच्या पालकसभेत आई परत उभी राहिली. बायका टाळ्यांच्या तयारीत होत्या. आई म्हणाली, “मागे बोलले ते परत घेते. आमच्या घरी आत्याबाईंमुळे मुलीला दिवस गेले होते.” सभा खो-खो हसली. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं. “हसा. मीपण हसले,” आई म्हणाली. “पण पोरगी एकटी भीत होती, आणि मला भीत होती. बोलवा त्या डॉक्टरबाईंना.”

डॉक्टरबाई आल्या, आम्हा मुलींशी आणि मागे बसलेल्या आयांशी छान बोलल्या. शेवटी त्यांनी विचारलं, “कुणाला काही विचारायचंय?” आम्ही सगळ्या मुली बुटांकडे बघत बसलो. शेवटच्या रांगेतून एक हात वर आला. आईचा.

“मुलगी शाळेत असताना तिला मूल झालं, तर तिला परत शाळेत घेतात ना?”

वरच्या मजल्यावरच्या ताईसाठी विचारतेय ते सगळ्यांना कळलं. डॉक्टरबाईंनी मुख्याध्यापिकांकडे पाहिलं, मुख्याध्यापिकांनी पंख्याकडे. पण उत्तर मिळाल्याशिवाय आमची आई खाली बसत नाही, हवं तर त्या टँकरवाल्या सेक्रेटरीला विचारा.

“घेऊ,” मुख्याध्यापिका म्हणाल्या.

तेव्हा आई बसली.