पट्टीवरची पट्टी

मला किळस फार लवकर येते. चहात विरघळलेलं बिस्कीट, दुसऱ्याच्या कंगव्यातले केस, दुधावरची थंड साय, एवढ्यानेही माझं जेवण राहून जातं. असा हा माणूस एका रविवारी चर्चमध्ये भर उपासनेत उभा राहिला आणि म्हणाला, "मोठीमायच्या पायाची पट्टी रोज मीच करीन."

मोठीमाय म्हणजे माझ्या थोरल्या काकांची बायको. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. आता ती दारव्ह्याला आमच्याकडेच असते. शुगरमुळे तिच्या डाव्या पायाच्या बोटांपाशी जखम झाली होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं: जखम रोज धुवा, नाहीतर पाय घोट्यापासून कापावा लागेल.

त्या रविवारी पाळकसाहेब देवाच्या करारावर बोलले. पिढ्या बदलल्या, माणसं फिरली, देव शब्दाला फिरला नाही. मला भरून आलं. भरून आलं की मी उभा राहतो, ही जुनी खोड. बायकोने शर्ट ओढून पाहिला, पण तोवर मी बोलून गेलो होतो.

घरी ती म्हणाली, "अवो, तुमच्याच्यानं मासोळीचं पाणी फेकनं होत नाही. कायले बोलले?"

"देवापुढं शब्द दिला."

"मंग पाळा. मले तं सकाळच्या गाडीनं आर्णीले शाळेवर जा लागते."

पहिल्या दिवशी पट्टी सोडली आणि कपाटामागे मेलेल्या उंदरावर कोणी साखर पेरावी तसा गोडूस वास आला. जखमेचा रंग मी सांगत नाही. तुम्ही जेवत असाल. मी नाकावर रुमाल बांधला.

"दरोडा घालाले आला का बे?" मोठीमाय म्हणाली.

चार दिवस कसेबसे काढले. पाचव्या दिवशी मला युक्ती सुचली. जुनी पट्टी तशीच ठेवायची, वर कोरी गुंडाळायची, वासापुरते औषधाचे चार थेंब टाकायचे. तिचा पाय बधीर, नजर अधू. तिला काय कळणार? असं तीन दिवस केलं, आणि रोज पोहे चवीने खाल्ले.

तिसऱ्या दिवशी दुपारी आमच्याच घरी प्रार्थनेची बैठक होती. साक्ष द्यायची पाळी आली. देवाने काय केलं ते ज्याने त्याने सांगायचं. मी उभा राहिलो. "प्रभूनं आपलं वचन पाळलं. मोठीमायची जखम भरत आली आहे."

"हालेलुया!" सगळे म्हणाले.

एक माशी पट्टीवर येऊन बसली. मग दुसरी. मग चिवड्याच्या ताटल्या सोडून माशा तिकडेच निघाल्या. बायकोच्या टाळ्या थांबल्या.

लोक गेल्यावर तिने कात्री घेतली. एक पट्टी, तिच्याखाली दुसरी, तिच्याखाली तिसरी. सगळ्यात आतली पिवळी, चिकट, आणि तिच्याखाली काहीतरी वळवळत होतं. तांदळाएवढ्या अळ्या.

मी मोरीकडे पळालो. चहा, चिवडा, साक्ष, सगळं ओकलो. तोंड धुतलं, आरशात पाहिलं, आणि पुन्हा मळमळलं.

परत येऊन मोठीमायच्या पायाशी बसलो. "मी खोटं बोललो. तीन दिवस पट्टी उघडलीच नाही."

"मले मालूम होतं."

"कसं?"

"खरी पट्टी करतं तवा तू बैलावानी श्वास टाकतं. तीन दिवस गाने म्हनून राह्यला होता."

"मग बोलली काहून नाही?"

"तुही वाट पाह्यली, तू सोताहून सांगशील म्हनून. उगीच पाह्यली म्हना."

"लोकांपुढं देवाचं नाव घेतलं मी. आता पाय गेला तर त्याच्या वचनालाच..."

"त्याचं वचन तुह्यावर टांगलं हाय का बे? अब्राहामचं आठव. देवासंगं करार कराले जनावरं कापून दोन बाजूले मांडली. रगत, माशा, वास. पाखरं हाकलून हाकलून थकला अन् झोपला. खरं तं करार करनाऱ्या दोघायले त्या तुकड्यायमधून चाला लागे. मोडला तं माहे असेच तुकडे होवोत म्हनून. पन चालला कोन? एकटा देव, जाळ होऊन. त्याले मालूम होतं, हा मानूस झोपते."

ही गोष्ट मी मुलांना संडे स्कूलमध्ये कितीदा तरी शिकवली आहे, चित्र काढून. माझ्या चित्रातली जनावरं धुतलेली, स्वच्छ. एक माशी नाही. देव त्या घाणीतून चालत गेला, हे मला कधी सुचलंच नव्हतं.

"म्हणजे पाय वाचेल ना?"

"पायाचा शब्द त्यानं कवा देल्ला? सोडनार नाही, असा देल्ला. पायाचा तू देल्ला होता."

बायकोने चिमटा माझ्यापुढे धरला. मी एकेक अळी काढली. रुमाल बांधला नाही. त्यात भक्ती काहीच नव्हती. रुमाल मोरीतच पडला होता. दोनदा उठून ओकून आलो, परत बसलो.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात दोन बोटं कापावी लागली. पाय राहिला. किळस जावी म्हणून मी प्रार्थना केली होती. ती काही गेली नाही.

घरी आणल्यावर मोठीमायने पाय पुढे केला. "घे. आता धुवाले तुले कमी हाय."

मला हसू आलं नाही. श्वास टाकत मी पट्टीची गाठ सोडली.