तांबट आळीतल्या जाऊबाई

जाऊबाई माहेरी येवल्याला गेल्या होत्या, तिथेच वारल्या. निरोप यांच्या भांड्यांच्या कारखान्यात आला. हे भरदुपारी घरी आले, दारातच उभे राहिले आणि इतक्या हळू सांगितलं, की मला पुन्हा विचारावं लागलं... महिना होऊन गेला, तरी घरात पाऊल टाकलं की त्यांना हाक मारावीशी वाटते.

मी लग्न होऊन नाशकात आले तेव्हा प्रभातफेऱ्यांचे दिवस होते. सायखेड्याला आमच्या घरी नदीकाठची शांतता, आणि इथे तांबट आळीत उजाडल्यापासून हातोड्यांची ठोकाठोक. दिवसभर हंडे-घागरी ठोकून हे घरी येत आणि नुसतं "पाणी दे" म्हटलं तरी भिंती हादरत. आपलं काय चुकलं ते शोधत मी जेवणही विसरे. शेवटी एके दिवशी बोचकं बांधलं आणि जाऊबाईंना म्हटलं, "मी माहेरी जाते. यांना मी नकोच आहे."

त्या माझ्या थोरल्या जाऊ, विधवा, बोलायला मोजक्या. म्हणाल्या, "जा हो. पण आधी भाऊजींचा डबा देऊन ये."

कारखान्याच्या दारात मी थबकले. हे शेजारच्या कारागिराकडे त्याच्या आजारी आईची चौकशी करत होते, अगदी कळवळून... आणि तोच आवाज! त्या ठोकाठोकीत हळू बोललेलं ऐकूच जात नव्हतं.

घरी येऊन मी हसले, रडले. म्हटलं, "आता तुम्हीच यांना जरा समजावा."

"मी सांगितलं तर भाऊजी माझं ऐकतील. तुझं ऐकायला कधी शिकतील?"

संध्याकाळी धीर करून मीच सांगितलं, मला तुमची भीती वाटते. "मी ओरडतो?" हे ओरडले, आणि स्वतःच दचकले. बोचकं मी त्याच दिवशी सोडलं.

पुढे कधीतरी मी जाऊबाईंना विचारलं, तुम्हाला हे कसं उमगलं? त्या तांदूळ निवडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "आमच्या यांचा आवाज खाली आला तो शेवटच्या दुखण्यात, कारखाना सुटल्यावर. एकदा म्हणाले, तू माझ्याजवळ कधी बसत नाहीस ग... मी म्हटलं, तुम्ही सदा रागावलेले. ते म्हणाले, मी कधी ग रागावलो? सगळा संसार मी भिऊन काढला, आणि रागावलेलं कुणीच नव्हतं."

परवा यांचा एक शब्द मला लागला. स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटावीत असं मनात आलं. तिथे भिंतीशी जाऊबाईंचा पाट टेकून ठेवलेला आहे. तो पाहिला, हात पुसले आणि ओसरीवर येऊन यांच्याजवळ बसले.

म्हटलं, "मघाशी मला वाईट वाटलं."

हे सरकून जवळ आले. "कशाचं? सांग."