फुटक्या बलकाची ताकद

अंड्यात काय असतं हे अख्ख्या जुईनगरात दोघांनाच ठाऊक होतं. एक ते घालणारी कोंबडी आणि दुसरे देवजीशेठ. त्यातली कोंबडी अंडं घातल्यावर घटकाभर ओरडून गप्प तरी बसायची.

देवजीशेठची खाडीकडची शेती नव्या शहरात गेली आणि गावठाणातल्या जागेवर तीन मजली बिल्डिंग उभी राहिली. लावणी संपली, चिखल संपला. रिकाम्या माणसाला कसलं तरी ज्ञान लागतंच, शेठनी अंड्याचं घेतलं. रोज सकाळी तव्यावर तळलेली दोन गावठी अंडी, वर मीठ-मिरी, सोबत तांदळाची भाकरी. अट एकच, बलक अख्खा हवा. सगळी ताकद त्या पिवळ्या गोळ्यात कोंडलेली असते आणि तो फुटला की वाफेबरोबर निघून जाते, असा त्यांचा शोध होता. निघालेली ताकद पुढे कुठे जाते हे त्यांनी सांगितलं नाही आणि भाडेकरूंनी विचारलंही नाही. घरमालकाच्या शास्त्रात शंका काढायला स्वतःचं छप्पर लागतं.

बलक अख्खा ठेवायचं काम त्यांच्या बायकोचं, पुतळाबाईंचं. त्यांचा हात त्यासाठी आळीत नावाजलेला होता. अंडं तव्यावर असं अलगद सोडायच्या की बलक थरथरायचा, पण फुटायचा नाही. स्वतः मात्र त्या अंडं खात नसत, कारण बायकांना ते उष्ण पडतं, हे शेठचं दुसरं शास्त्र. गच्चीवरच्या कोंबड्यांना दाणे टाकणं, खुराडं धुणं, अंडी काढणं आणि तळणं, यातलं काही उष्ण पडत नसे.

शहाण्णव साली पुतळाबाईंना गच्चीचा जिना चढवेना. मध्येच डोळ्यांपुढे अंधारी यायची. वाशीच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, फारच कमी निघालं. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाल्या, "शिवाय रोज एक अंडं. अंगाला प्रथिनं हवीत, आणि बलकात तर बरंच काही असतं."

"हिला सोसत नाय," शेजारच्या खुर्चीतून शेठ म्हणाले. घरी आल्यावर त्यांनी उदार मनाने तोडगा काढला. "एकादा फुटला तं तो तू खा. त्यान कायच नसतं, उष्ण कशाला पडंल?"

आता पंचाईत अशी की पुतळाबाईंच्या हातून बलक फुटतच नव्हता. मुद्दाम फोडायचा तर इतक्या वर्षांचा नावाजलेला हात पणाला लावायचा. त्यांना ते जिवावर आलं. पण एका सकाळी त्या खुराड्यापाशी मटकन बसल्या आणि त्यांना खरोखर भीती वाटली. आपण इथेच जाणार, बघायला कोंबड्या तेवढ्या असणार. खाली येऊन त्यांनी तीन अंडी तव्यावर सोडली आणि तिसऱ्याला उलथन्याचा कोपरा लावला.

ते त्यांनी ओट्याशी उभ्यानेच खाल्लं. कोमट पिवळं भाकरीला लागलं आणि चव कळताच त्यांना राग आला. आपण जन्मभर हे नुसतं वाढत आलो, याचा.

मग रोजच एक फुटू लागलं. "हिचा हात गेला," असं शेठ जिन्यात भेटेल त्याला सांगू लागले. बोलणी ऐकताना पुतळाबाईंचा जीव तळमळायचा, पण श्वास लागायचा कमी झाला होता. दुसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरू वेणूबाई, ज्यांचा नवरा मार्केटात कांद्याची पोती उचलायचा, एकदा विरजण मागायला आल्या आणि त्यांनी उलथन्याचा कोपरा बलकात जाताना बघितला.

"अवं काकी, त्यो फुटला न्हाई. तुमी फोडला."

"गप ऱ्हा."

"मी काय बोलतीय का," म्हणत वेणूबाई विरजण घेऊन गेल्या आणि खरंच कुठे बोलल्या नाहीत.

पुढच्या तपासणीत रक्त वाढलेलं निघालं. पुतळाबाईंनी डॉक्टरीणबाईंना हळूच विचारलं, "बाई, बलक फुटला तं त्यातला काय जातं का?" बाई हसल्या. "पोटात गेलं ना? मग झालं."

काही महिन्यांनी डॉक्टरीणबाईंपुढे पेशंटच्या खुर्चीत शेठ बसले. ताकदीचे पुतळे आता पायरीगणिक धापा टाकत होते. रक्तात चरबी फार निघाली होती. बाईंनी तळण बंद केलं आणि बजावलं, "बलक तर अजिबात नाही. हृदयाला जड जाईल."

रात्रभर विचार करून शेठ सकाळी पाटावर बसले ते तोडगा घेऊनच. "आजपासून माजी दोनी फोड. फुटल्यान काय नसतं. तुना पायजे तं अख्खी घे."

पुतळाबाई उलथनं धरून उभ्या राहिल्या. गप्प बसलं की झालं, नावाजलेला हात परत मिळणार होता आणि अख्खं अंडंही. पण समोर बसलेला माणूस तेच पिवळं खाऊन जिन्यात कोसळला असता. शहाणा नव्हता, पण त्यांचा होता.

"अवो, फुटल्यान सगला असतं," त्या म्हणाल्या. "मीच फोडत होते, रोज. त्याच्यावरच उभी ऱ्हायलेय मी."

शेठनी तव्याकडे बघितलं, मग तिच्या हाताकडे. "म्हंजे तुजा हात गेला नव्हता?"

"नाय."

पुतळाबाईंनी तवा नुसता पुसून घेतला, तेलाचा थेंब टाकला नाही, आणि दोन अंडी सोडली. उलथन्याचा कोपरा बलकाभोवती गोल फिरवून दोन्ही पिवळे अख्खे सोडवले. मधोमध भोकं पडलेलं पांढरं शेठच्या ताटात वाढलं, पिवळे स्वतःच्या भाकरीवर ठेवले आणि नवऱ्यासमोर पाट मांडून बसल्या.

शेठ त्या भोकांकडे बघत राहिले. "उष्ण पडंल," ते हळूच म्हणाले.

"पडू दे," पुतळाबाई म्हणाल्या आणि त्यांनी बलक फोडला.