मागच्या सीटवरचा वास

टॅक्सीस्टँडवर त्याला सगळे 'घुम्या' म्हणायचे. वर्षानुवर्षं गाडी चालवून कंबर कामातून गेली होती, आणि गिऱ्हाइकाला "कुठे जायचं?" यापलीकडे काही विचारायचं त्राण उरलं नव्हतं. अशा माणसाच्या गाडीत एक दिवस कुण्या बाईंच्या पर्समधली सेंटची बाटली फुटली. बाई "सॉरी हं" म्हणून उतरून गेल्या, वास मात्र मुक्कामाला राहिला.

वास वाईट नव्हता, हीच तर पंचाईत. व्हॅनिलाचा गोड, उबदार वास आणि त्याच्या आडून कसल्याशा पांढऱ्या फुलांचा. पण दिवसभर तोच नाकात बसला की डोकं ठणकायचं, डब्यातली भाजीसुद्धा गोड लागायची. त्याने सीट साबणाने घासली, व्हिनेगर शिंपडलं, चारही दारं उघडून गाडी उन्हात ठेवली. वास ढिम्म हलेना. स्टँडवरच्यांना आयताच विषय मिळाला.

"काय घुम्या, पुन्हा बोहल्यावर चढतोस की काय?"

तो हसायचासुद्धा नाही. शेवटी सीट आतल्या स्पंजासकट बदलायची ठरवून त्याने गॅरेजवाल्याला सांगून ठेवलं.

गॅरेजला जायच्या आदल्याच दुपारी बायकोचा फोन आला. बस बंद होत्या, न्यायला या म्हणाली. ती इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होती. सकाळपासून ओल्या, जड चादरी मशीनमधून उपसायच्या. घरी आलं की सासूबाईंचं पथ्यपाणी, मुलांची भांडणं. पुढच्या सीटवर सामान होतं, म्हणून ती मागे बसली.

"वास फार येतोय का गं? उद्या सीट काढतोच."

त्याने आरशात पाहिलं. ती गाढ झोपली होती. तोंड किंचित उघडं, सोललेले हात मांडीवर. इतक्या वर्षांच्या संसारात तिला असं झोपलेलं त्याने क्वचितच पाहिलं होतं. तो आडवा व्हायचा तेव्हा ती जागी, उठायचा तेव्हा ती कामाला लागलेली.

घर आलं. त्याने गाडी थांबवलीच नाही. कोपऱ्यावरून वळवली, मोठा वळसा घेतला, मग आणखी एक. गिऱ्हाइकं हात करत होती, कंबर बोंबलत होती.

जाग आली तशी ती दचकली. "अगं बाई! हे कुठे आलो आपण?"

"कुठे नाही. फिरवत होतो जरा."

"डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं? उठवायचं नाही का? आईंची गोळी राहिली असेल!" ती पदर सावरू लागली आणि मधेच थांबली. "अंगाला सदा ब्लीचचा वास येतो हो माझ्या. धाकटी तर जवळ घेतलं की नाक मुरडते. इथे बसले, तर तो वासच येईना. मग डोळा कधी लागला, कळलंच नाही."

"आईला दिली असेल गोळी थोरलीने," एवढंच तो म्हणाला आणि गाडी घराकडे वळवली.

गॅरेजला तो गेलाच नाही. डोकं ठणकायचं तेव्हा गोळी घ्यायचा. बस सुरू झाल्या, तरी फेरी लागली नाही की दुपारी धुलाईखान्याच्या फाटकाशी जाऊन उभा राहायचा. हळूहळू वास विरत गेला. कधी तिला झोप लागायची, कधी ती नुसतीच डोळे मिटून बसायची. तो लांबच्या रस्त्याने, खड्डे चुकवत, तिला घरी आणायचा.